लॅबमधल्या जोडलेल्या उपकरणांना नंबर कसे द्यायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या बऱ्याच युनिटांमध्ये डाय हाऊसला (कापड रंगवायच्या विभागाला) लागून एक छोटी लॅब असते. जीएसएम कटर (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन काढायला ठरावीक मापाचा तुकडा कापणारं साधन), तराजू, एक-दोन ओव्हन, वॉटर बाथ, पीएच मीटर, वॉश फास्टनेसचं (धुतल्यावर रंग टिकतो का ते बघायचं) मशीन आणि परवडत असेल तर रंग जुळवायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर. पूर्वी आकडे वहीत उतरवले की भागायचं. आता निर्यातीचे खरेदीदार तापमानाच्या नोंदी मागतात, चाचणी कुठल्या उपकरणावर झाली ते रिपोर्टवर लिहा म्हणतात. मग मालकांचा हुकूम सुटतो की सगळी मशीनं कॉम्प्युटरला जोडून टाका. वायरी जोडायला दोन दिवस पुरतात. खरा प्रश्न त्यानंतर येतो: स्क्रीनवर दिसणारा १०५ हा आकडा नक्की कुठल्या ओव्हनचा?

टेक्सटाइल लॅबमध्ये मी हे काम केलंय, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. पॅथॉलॉजी लॅब असो, चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कारखान्याची लॅब असो किंवा कॉलेजची, पायऱ्या याच राहतात.

आधी चार नंबर वेगळे ओळखा

नवीन माणूस इथेच अडकतो. एका ओव्हनला चार वेगवेगळे नंबर असू शकतात आणि चारही खरे असतात.

पहिला, कंपनीचा सीरियल नंबर. तो मागच्या पाटीवर छापलेला असतो, आपल्या हातात नसतो. दुसरा, आपण दिलेला कायमचा नंबर, म्हणजे इक्विपमेंट आयडी. तिसरा, वायरवरचा पत्ता: मॉडबसचा (उपकरणं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचा) स्लेव्ह आयडी किंवा नेटवर्कचा आयपी ॲड्रेस. चौथा, कॉम्प्युटरने स्वतःच्या सोयीने दिलेला कॉम पोर्ट नंबर, म्हणजे उपकरण ज्या जोडणीतून बोलतं तिचा नंबर.

माणसाने घर बदललं तरी त्याचा आधार क्रमांक बदलत नाही, पत्ता तेवढा बदलतो. इथेही तसंच आहे. इक्विपमेंट आयडी मशीन भंगारात जाईपर्यंत एकच. स्लेव्ह आयडी, आयपी, कॉम पोर्ट हे सगळे पत्ते, ते आज आहेत तसे उद्या असतीलच असं नाही. रिपोर्टवर, लेबलवर, कॅलिब्रेशन (उपकरणाचा आकडा प्रमाणाशी ताडून बघणं) सर्टिफिकेटवर कायमचाच नंबर जायला हवा. मी पाहिलेले निम्म्याहून जास्त घोळ पत्त्यालाच ओळख समजल्यामुळे झालेत.

१. कागद आणि सामान आधी गोळा करा

कागदांमध्ये एवढं लागेल:

– प्रत्येक उपकरणाचं बिल आणि मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. कम्युनिकेशनचं प्रकरण कधीकधी वेगळ्या पुस्तिकेत असतं.
– मागच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो. ओव्हनच्या बाबतीत दोन फोटो घ्या: एक ओव्हनच्या पाटीचा, एक आतल्या तापमान कंट्रोलरच्या पाटीचा. हे दोन वेगळे सीरियल नंबर आहेत.
– शेवटचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट.
– लॅबचा हाताने काढलेला नकाशा. कुठलं मशीन कुठे, सॉकेट कुठे, कॉम्प्युटर कुठे. सुबक नसला तरी चालेल.

सामानात यूएसबी ते आरएस-४८५ (एकाच वायरीवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) कन्व्हर्टर, शील्ड असलेली पिळाची दोन तारांची केबल, १२० ओहमचे दोन रेझिस्टर, नंबर छापलेल्या फेरूल (तारेवर चढवायच्या छोट्या नळ्या), लहान स्क्रूड्रायव्हर, मल्टीमीटर आणि लेबल प्रिंटर. कन्व्हर्टर घेताना सगळ्यात स्वस्त उचलू नका. कारण सातव्या पायरीत सांगतो.

मॉडबसवर उपकरण उत्तर देतं का ते तपासायला क्यूमोडमास्टर हा फुकट प्रोग्राम चांगला आहे. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची सवय असेल तर मोडपोल.

२. ‘एक उपकरण’ म्हणजे काय ते ठरवा

हे आधी ठरवलं नाही तर पुढे भांडणं होतात. ओव्हन, त्याचा कंट्रोलर आणि त्यातला सेन्सर हे एक उपकरण की तीन? तराजू आणि त्याची वजनं? स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि त्याचा कॉम्प्युटर?

मी एकच कसोटी लावतो. ज्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट वेगळं निघतं त्याला वेगळा नंबर. ओव्हनचं सर्टिफिकेट कंट्रोलर आणि सेन्सर जागेवर असतानाच निघतं, म्हणून ते तिघे मिळून एक. वजनांच्या पेटीचं सर्टिफिकेट तराजूपेक्षा वेगळं, म्हणून तिला तिचा नंबर. कॉम्प्युटरला सर्टिफिकेट नसतं, पण त्यावरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवावी लागते. म्हणून त्यालाही एक नंबर देऊन टाकावा.

चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ हे मानक एनएबीएल (देशातल्या प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेसाठी वापरलं जातं. त्याच्या ६.४ या कलमात उपकरणांच्या नोंदी सांगितल्यात: ओळख, सॉफ्टवेअर आणि फर्मवेअरची (उपकरणाच्या आतल्या प्रोग्रामची) आवृत्ती, उत्पादकाचं नाव, प्रकार, सीरियल नंबर किंवा दुसरी एकमेव ओळख, सध्याची जागा, कॅलिब्रेशनच्या तारखा. यातलं ‘दुसरी एकमेव ओळख’ आपल्यासारख्यांच्या फार कामाचं. आपल्याकडे स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या ओव्हनवर पुष्कळदा सीरियल नंबरच नसतो, नुसतं नाव आणि फोन नंबर असतो. तिथे तुम्ही दिलेला नंबर हीच त्या ओव्हनची ओळख. मान्यता घ्यायची नसली तरी रजिस्टर याच रकान्यांचं करा. पुढे कधी मान्यता घ्यायचं ठरलं तर पुन्हा सगळं लिहीत बसावं लागत नाही.

३. कायमचा नंबर: जेवढा मुका तेवढा चांगला

लोकांना नंबरात सगळी कुंडली बसवायची हौस असते. विभाग, मजला, खोली, खरेदीचं वर्ष, मशीनचा प्रकार, मग शेवटी क्रमांक. दिसायला भारदस्त दिसतं. पण ओव्हन पहिल्या मजल्यावरून खाली आणला की नंबर खोटा पडतो. मग कोणीतरी नवीन लेबल चिकटवतो, जुन्या सर्टिफिकेटवर जुना नंबर राहतो आणि ऑडिटरसमोर हे दोन्ही ओव्हन एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

माझं मत: प्रकाराची दोन-तीन अक्षरं आणि क्रमांक, बस्स. ओव्हनला ओव्हीएन-०१, ०२, ०३. तराजूला बीएएल-०१. वॉटर बाथला डब्ल्यूबी-०१. लेबलवर हे रोमन अक्षरांत जाईल, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय. जागा, विभाग, वर्ष हे सगळं रजिस्टरच्या रकान्यात. तिथे बदलता येतं.

सापळे इथे बरेच आहेत.

लांबी. बऱ्याच चांगल्या तराजूंमध्ये प्रिंटवर आयडी छापायची सोय असते, पण अक्षरं मोजकीच बसतात. नंबर सहा-सात अक्षरांत मावला तर तोच तराजूतही टाकता येतो आणि प्रत्येक प्रिंटवर आपोआप येतो.

एक्सेल. मॉइश्चर ॲनालायझरला कोणी एमएआर-०३ असा कोड दिला तर एक्सेल त्याचं मार्च महिन्यातल्या तारखेत रूपांतर करून टाकतं. नुसते ००३ लिहिले तर पुढची शून्यं गिळतं. रजिस्टर एक्सेलमध्ये असेल तर तो रकाना आधी टेक्स्ट करा, मग भरा. आणि महिन्याच्या नावासारखी दिसणारी अक्षरं टाळाच.

इंग्रजी ओ आणि शून्य, इंग्रजी आय आणि एक. क्रमांकाच्या जागी फक्त आकडे, प्रकाराच्या जागी फक्त अक्षरं, असं ठेवलं की हा गोंधळ आपोआप कमी होतो.

आणि आपल्याकडचा खास सापळा: मराठी आकडे. सोलापूरच्या लॅबमध्ये एक जण मराठीत लिहितो, दुसऱ्याची शाळा तेलुगूत झालेली, तिसऱ्याची कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत. वहीत घाईने काढलेला मराठी १ हा इंग्रजी ९ वाटतो, मराठी ७ इंग्रजी ६ वाटतो, आणि मराठी ४ तर इंग्रजी ८ च्या जागी सहज खपतो. मराठीवर माझं प्रेम कमी नाही, हा लेखही मराठीतच आहे. पण लेबलवर आणि नोंदवहीत उपकरणाचा नंबर इंग्रजी आकड्यांतच लिहायचा, असा नियम करून भिंतीवर लावा.

एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्या मशीनला द्यायचा नाही. ओव्हीएन-०२ भंगारात गेला तर त्याच्या जागी आलेला नवा ओव्हन पुढचा मोकळा नंबर घेईल. मधला नंबर रिकामा दिसतो म्हणून अस्वस्थ होऊ नका.

४. लेबल

साध्या बिलाच्या प्रिंटरसारख्या थर्मल कागदाची लेबलं ओव्हनवर लावू नका. तो कागदच उष्णतेने काळा होतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर ओव्हनची गरजसुद्धा लागत नाही. रिबन लागणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि पॉलिएस्टरचं लेबल घ्या. रंगाचे शिंतोडे, ब्लीच, पुसायचं फडकं, सगळं सोसतं.

लेबल मशीनच्या अंगावर लावा, निघणाऱ्या भागावर नाही. दार, झाकण, ट्रे हे दुरुस्तीत एकमेकांत बदलतात. एक लेबल समोर आणि एक मागे पाटीशेजारी. केबलच्या दोन्ही टोकांनाही तोच नंबर लावा, फेरूलने किंवा गुंडाळायच्या लेबलने. कॉम्प्युटरमागे सारख्याच दिसणाऱ्या काळ्या वायरींचा गुंता झाला की हीच लेबलं वाचवतात.

क्यूआर कोड छापायचा असेल तर त्यात फक्त कायमचा नंबर घाला. आयपी किंवा स्लेव्ह आयडी नको, ते बदलणार आहेत.

लेबल लागलं की बोलण्यातही नंबर यायला हवा. नाहीतर हे चालूच राहतं: “सर, नवा ओव्हन गरम होईना की.” कुठला नवा? जो सगळ्यांच्या तोंडी ‘नवा’ आहे तो लॅबमधला सगळ्यात जुना निघतो. कारण तो आला तेव्हा नवा होता आणि नाव तेच चिकटलं.

५. वायरीला हात लावण्याआधी पत्त्यांचा तक्ता

कागदावर एक तक्ता काढा. डावीकडे कायमचा नंबर, मग जोडणीचा प्रकार, पत्ता, वेग, पॅरिटी (पाठवलेल्या आकड्यातली चूक पकडायची सोय), कुठल्या कन्व्हर्टरवर आहे. आधी तक्ता, नंतर सेटिंग. उलट केलं की अर्ध्यावर कोणीतरी चहाला बोलावतो आणि कुठला पत्ता कोणाला दिला ते विसरतं.

मॉडबसमध्ये १ ते २४७ हे पत्ते उपकरणांना देता येतात. ० हा सगळ्यांना एकदम हुकूम द्यायचा पत्ता, २४८ पासून पुढचे राखीव. लॅबला एवढे लागतच नाहीत, म्हणून ऐसपैस वाटा: ओव्हनना ११ ते १९, वॉटर बाथना २१ ते २९, खोलीच्या तापमान-आर्द्रता मीटरना ३१ पासून. पत्त्यात असा अर्थ भरलेला चालतो, कारण पत्ता बदलता येतो.

१ हा पत्ता मात्र कोणालाही देऊ नका. कारखान्यातून येणारा जवळजवळ प्रत्येक कंट्रोलर पत्ता १ घेऊनच येतो, आणि कोणी फॅक्टरी रिसेट मारला तरी तो १ वरच परततो. १ मोकळा ठेवला की नवं किंवा रिसेट झालेलं उपकरण जुन्या कोणाशी भांडत नाही, १ वर एकटं सापडतं.

ओव्हीएन-०३ ला पत्ता ३ द्यावा असा मोह होईल. देऊ नका. तो ओव्हन गेला आणि जागी ओव्हीएन-०७ आला की पत्ता ३ तसाच ठेवणं सोयीचं असतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये सगळं त्यावर बेतलेलं असतं. मग आकडे जुळत नाहीत आणि जुळतील असं गृहीत धरलेला माणूस फसतो.

६. आरएस-४८५ वर पत्ते देणं: एका वेळी एकच

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश.

सगळे नवे कंट्रोलर एका वायरीवर जोडून मग पत्ते बदलू, असं कधीही करू नका. सगळे १ वर असतात. कॉम्प्युटरने १ ला हाक मारली की सगळे एकदम उत्तर देतात, आणि त्या गलक्यात कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. कधी टाइमआउट, कधी सीआरसी एरर (उत्तर बिघडून आल्याची सूचना), आणि कधी योगायोगाने एखादं उत्तर बरोबर येतं, त्यामुळे माणूस आणखी गोंधळतो.

क्रम असा:

एकच कंट्रोलर कन्व्हर्टरला जोडा. कंट्रोलरच्या मेन्यूत कम्युनिकेशनचा भाग उघडा. तो बहुधा पासवर्डमागे असतो, कोड मॅन्युअलमध्ये मिळतो. पत्ता, बॉड रेट (वेग) आणि पॅरिटी तक्त्याप्रमाणे टाका. सगळ्यांना एकच वेग आणि एकच पॅरिटी हवी. ९६०० वेग लॅबसाठी भरपूर. मग कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करा. काही कंट्रोलर नवा पत्ता रिस्टार्टनंतरच मानतात, आणि हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत असतं. क्यूमोडमास्टरमधून नव्या पत्त्याला विचारा, तापमान वाचून बघा. १०५.२ अंशांच्या जागी १०५२ दिसलं तर घाबरू नका. दशांश चिन्ह तारेतून येत नाही, दहाने भागायचं असतं. मग जुन्या १ या पत्त्याला विचारा. तिथून उत्तर यायला नको. तक्त्यात टिक करा, वायर काढा, पुढचा घ्या.

सगळे झाले की मग साखळी जोडा: कॉम्प्युटरपासून पहिल्या मशीनला, पहिल्यापासून दुसऱ्याला, असं एका ओळीत. मधूनच फाटे फोडून चांदणीसारखी जोडणी करू नका. एका ओळीवर मानकाप्रमाणे ३२ उपकरणं चालतात आणि कमी वेगाला साधारण १२०० मीटरपर्यंत लांबी जाते. आपली लॅब त्याच्या जवळपासही जात नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. मधल्या मशीनना नाही.

काही बोलत नसेल तर या क्रमाने बघा.

ए आणि बी तारा उलट. सगळ्या कंपन्या ए आणि बी एकाच अर्थाने लिहीत नाहीत. अदलाबदल करून बघा, त्याने सहसा काही जळत नाही.

हेक्स आणि दशमान. काही प्रोग्राम पत्ता हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दाखवतात. तुम्ही कंट्रोलरला १६ दिलाय आणि प्रोग्राम १० दाखवतोय, तर दोघेही बरोबर आहेत. हेक्समधला १० म्हणजे आपला १६. असा फरक दिसला की आधी प्रोग्रामची सेटिंग तपासा, लगेच कंट्रोलरचा पत्ता बदलायला धावू नका.

पॅरिटी. मॉडबसच्या मानकात मूळ सेटिंग ईव्हन पॅरिटीची आहे, पण बाजारातले पुष्कळ कंट्रोलर पॅरिटी नसलेल्या सेटिंगवर येतात.

आणि लूम. आपल्याकडे लॅबच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग किंवा डाय हाऊसचे मोठे पंप असतात. मोटारीच्या केबलला चिकटून डेटाची केबल ओढली की मोटार सुरू होताना आकडे गळतात, आणि लोक पत्ता चुकलाय म्हणून पुन्हा पत्ते देत बसतात. ठरावीक वेळीच त्रास होत असेल, आठवडी सुट्टीला लूम बंद असताना सगळं सुरळीत चालत असेल, तर पत्त्यात दोष नाही. केबल दुसऱ्या मार्गाने न्या, शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

७. तराजू आणि पीएच मीटर: कॉम पोर्टचा खेळ

तराजू बहुधा आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर असतो. तिथे पत्ता नसतोच, एका वायरीला एकच उपकरण. म्हणून ओळख येते ती कॉम पोर्टच्या नंबरातून, आणि तो नंबर विंडोज देतं.

इथे स्वस्त कन्व्हर्टर नडतो. ज्या यूएसबी कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा सीरियल नंबर असतो, तो कुठल्याही सॉकेटमध्ये घातला तरी विंडोज ओळखतं आणि तोच कॉम नंबर देतं. ज्यात नसतो, तो सॉकेट बदललं की नवा कॉम नंबर घेतो. झाडलोट करताना कोणी दोन वायरी काढून अदलाबदल करून घातल्या की बीएएल-०१ चं वजन बीएएल-०२ च्या नावावर जायला लागतं. एररचा मेसेज येत नाही. आकडे येत राहतात.

उपाय: सीरियल नंबर असलेल्या चिपचा कन्व्हर्टर घ्या. कॉम्प्युटरच्या प्रत्येक सॉकेटशेजारीही लेबल लावा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड असं जाऊन हवा तो कॉम नंबर स्वतः निवडा आणि तक्त्यात लिहा. नंबर आधीच वापरात आहे असं दिसलं तर बहुधा पूर्वी कधीतरी जोडलेलं एखादं भूत असतं. व्ह्यू मेन्यूतून लपलेली उपकरणं दाखवा आणि ते काढून टाका. जुनं सॉफ्टवेअर असेल तर कॉम ९ च्या आतच राहा, काही जुन्या प्रोग्रामांना दोन आकडी पोर्ट उघडता येत नाहीत.

८. नेटवर्कवरची उपकरणं

हे तुलनेने सोपं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला मॅक ॲड्रेस असतो, बारा हेक्स अक्षरांचा, उपकरणाच्या पाटीवर किंवा मेन्यूत सापडतो. तो रजिस्टरमध्ये लिहा. राउटरमध्ये त्या मॅकसाठी एक आयपी राखून ठेवा. उदाहरणार्थ लॅबसाठी १९२.१६८.१.५० ते ९९, आणि बाकीच्या मोबाइल-लॅपटॉपना आपोआप मिळणारे आयपी १०० पासून पुढे.

उपकरणात हाताने आयपी टाकला आणि तोच आयपी राउटरने ऑफिसमधल्या कोणाच्या मोबाइलला वाटला, तर दोघांचीही जोडणी येते-जाते. दुपारी बंद, संध्याकाळी चालू, असं चाललं असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. उपकरणाचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटर सापडलेलाच नाही, केबल बघा.

मॉडबस टीसीपीवर पोर्ट ५०२ असतो. गेटवेमागे (नेटवर्क आणि आरएस-४८५ यांना जोडणाऱ्या डबीमागे) आरएस-४८५ ची साखळी असेल तर आयपीसोबत युनिट आयडी म्हणून पुन्हा तोच स्लेव्ह आयडी लागतो, म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा.

९. पडताळणी: हात लावून

सगळं हिरवं दिसतंय म्हणून थांबू नका. सगळ्यात वाईट चूक ती, जिच्यात एररचा मेसेज येत नाही. समजा ओव्हीएन-०१ आणि ओव्हीएन-०२ चे पत्ते सॉफ्टवेअरमध्ये उलटे पडलेत. दोन्ही १०५ अंशांवर चालतात. स्क्रीनवर १०५ आणि १०५. कित्येक महिने कोणाला कळणार नाही, कळेल ते एक ओव्हन बिघडल्यावर. आणि तेव्हा चांगल्या ओव्हनचे रिपोर्ट रद्द होतील आणि बिघडलेल्याचे तसेच राहतील.

म्हणून दोघांना वेगळे सेट पॉइंट (गाठायचं तापमान) द्या, एक ६० वर, एक ८० वर, आणि स्क्रीनवर तोच ओव्हन तोच आकडा दाखवतो का बघा. तराजूवर १०० ग्रॅमचं वजन ठेवा. ते त्याच्याच नावापुढे उमटायला हवं. पीएच मीटर बफरमध्ये (पीएच माहीत असलेल्या द्रावणात) बुडवा. कंडिशनिंग रूममध्ये (चाचणीआधी कापडाचे नमुने ठेवायच्या खोलीत), जिथे भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता राखायची असते, तिथे एकापेक्षा जास्त सेन्सर असतील तर एकेकाला मुठीत धरा. ज्याचा आकडा चढतो तो तोच. डीएस१८बी२० सारख्या तापमान सेन्सरमध्ये कारखान्यातच ६४ बिटांचा वेगळा कोड असतो, पत्ता द्यावा लागत नाही. पण कुठला कोड कुठल्या कोपऱ्यात लावलाय हे तो कोड सांगत नाही. तिथेही मूठच.

हे दोघांनी करा. एक मशीनपाशी, एक स्क्रीनपाशी. मशीनपाशी उभा असलेला लेबल मोठ्याने वाचेल, स्क्रीनवाला दिसणारं नाव वाचेल. पडताळणीचा कागद सही-तारखेसह फाइलला लावा.

१०. दुरुस्ती, बदल, भंगार

ओव्हनचा कंट्रोलर जळाला आणि नवा बसवला, तर ओव्हनचा नंबर तोच. नव्या कंट्रोलरला जुनाच स्लेव्ह आयडी द्या. तो १ वर आलेला असणार, म्हणून साखळीवर घालण्याआधी सहावी पायरी पुन्हा. रजिस्टरमध्ये नव्या कंट्रोलरचा सीरियल नंबर आणि तारीख. आणि कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्या. जुनं सर्टिफिकेट जुन्या कंट्रोलरसोबत संपलं.

कॅलिब्रेशनवाले बहुतेकदा पुण्याहून येतात आणि एका दिवसात सगळं उरकायच्या घाईत असतात. ते यायच्या आधीच इक्विपमेंट आयडी, सीरियल नंबर आणि रेंज यांची छापील यादी पाठवा, म्हणजे सर्टिफिकेटवर तुमचा नंबर येईल. ते गेल्यावर सर्टिफिकेट दुरुस्त करून मागणं म्हणजे फोन करकरून कंटाळणं. सर्टिफिकेट हातात आलं की पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक नंबर लेबलशी ताडून बघा. कॅलिब्रेशनची तारीख आणि पुढची तारीख दाखवणारं लेबल वेगळं ठेवा, ते दरवर्षी बदलतं. नंबराच्या लेबलला हात लागायला नको.

मशीन भंगारात गेलं तर रजिस्टरमधली ओळ खोडू नका. ‘सेवेतून काढलं’ असं लिहून तारीख टाका. त्याच्या नंबराने निघालेले रिपोर्ट खरेदीदाराकडे अजून पडलेले असतात, कधीही विचारणा येऊ शकते. त्याचा स्लेव्ह आयडी मात्र मोकळा झाला, तो पुढच्याला द्यायला हरकत नाही. पण त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये जुनं नाव बंद करून नव्या कायमच्या नंबराने नवी नोंद उघडा. नुसतं नाव बदललंत तर जुन्या मशीनचा सगळा इतिहास नव्याच्या नावावर चढतो. मशीन विकण्याआधी दोन्ही लेबलं काढून रजिस्टरच्या त्या पानावर चिकटवा.

पत्त्यांचा तक्ता तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटरमध्ये, फाइलमध्ये आणि छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला. कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा कॉम्प्युटरमधला तक्ता उघडत नाही, आणि इलेक्ट्रिशियन आला की तो आधी पॅनेलच उघडतो. तक्त्यावर वर तारीख लिहा. बदल केला की तिन्ही ठिकाणचा बदला, पॅनेलमधला जुना कागद फाडूनच नवा लावा.